प्रकरण अकरावे : फानुएलला घरी आणताना

नाचणीची दारू कुणासाठी थांबत नाही. पाहुणा थांबतो, पाऊस थांबतो, सरकार तर थांबण्यासाठीच पगार घेतं. पण नाचणीला मोड आले, ती दळून मडक्यात चढली, की आपल्या दिवशी पिकते आणि दुसऱ्या दिवशी आंबून जाते. म्हणून त्या गुरुवारी सामांगांच्या अंगणात जमलेल्यांना दोन चिंता होत्या, आणि त्यातली मोठी कोणती असं विचारलं असतं तर निम्मे लोक खोटं बोलले असते. पहिली ही, की शनिवारी थोरल्या सामांगांचा आत्मा वर्षश्राद्ध करून घरात घ्यायचा होता आणि स्वयंपाकाच्या झोपडीत मडकी फसफसत होती. दुसरी ही, की त्याच सामांगांचा धाकटा मुलगा मुचानेता लष्कराच्या छावणीत कोंडलेला होता, आणि उद्या सकाळची लॉरी त्याला राजधानीला नेणार होती. तिकडे गेलेला माणूस कायद्याने जन्मभर आत राहू शकत होता.

तो सापडला तेलाच्या नळीपाशी. भर दुपारी. हातात कुदळ, पाठीला पांढऱ्या कापडाचं बोचकं. शिपायाने हटकलं, “थांब! कोण आहेस? काय करतोयस?” याने तोंड उघडलं नाही. हे परवाचं; अजूनही उघडलं नव्हतं.

मुचानेताला ओळखणाऱ्यांना अटकेपेक्षा याच बातमीचा धक्का बसला. हा माणूस झोपेत बोलतो, जेवताना बोलतो, पोहताना बोलतो. एकदा मगरीने त्याचा पाय धरला, तर हा तिला आपल्या सासुरवाडीची हकिकत सांगत बसला. शेवटी मगरच पाय सोडून खोल पाण्यात निघून गेली. मी काठावर होतो. मगरीचा चेहरा मला अजून आठवतो.

मी या घराचा साहविरा. यांच्या मेलेल्यांना आम्ही पुरतो, आमच्या मेलेल्यांना हे पुरतात, आणि त्या श्रमाबद्दल मला यांच्यातल्या कुणालाही, कुठेही, काहीही बोलायची मुभा आहे. थोरल्या सामांगांच्या प्रेताशेजारी बसून मी त्यांच्या घोरण्याची नक्कल केली होती, आणि त्यांची बहीण रडता रडता हसली होती. तीच ही एमेरेन्सिया आत्या. घरचे सगळे विधी तिच्या शब्दावर चालतात. आज ती मला काही बोलू देईल असं दिसत नव्हतं. चटईवर पाय पसरून, तपकिरीची डबी मुठीत धरून ती रस्त्याकडे बघत होती.

सिप्रियनची गाडी आली. थोरला मुलगा. मुतारेच्या कोर्टात सरकारी वकील. गाडी इतकी सावकाश आली की वाटेत एखाद्या कोंबडीने तिच्यावर अंडी घालून उबवली असती. कोट काढून त्याने हातावर घेतला, आमच्या रीतीने टाळ्या वाजवून आत्याला नमस्कार केला, आणि बसायच्या आधीच म्हणाला, “छावणीत जाऊन आलो.”

“भेटू दिलं?”

“खिडकीतून बघू दिलं. भिंतीला पाठ लावून बसलाय. पाणी पितो, जेवतो, बोलत नाही. आत्या, मी त्याला हात जोडले.”

“हात कशाला जोडतोस? तो बोलणार नाही हे तुला ठाऊक नाही?”

ठाऊक नसायला काय झालं? लांब मेलेल्या माणसाला घरी आणायचं असेल तर तो पडला तिथली मूठभर माती घ्यायची, त्याला नावाने हाक मारायची, ‘चल, घरी जाऊ’ म्हणायचं आणि पाठीला बांधून निघायचं. तिथून अंगण येईपर्यंत वाहणाऱ्याने मागे वळायचं नाही आणि कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. बोललास तर मेलेल्याला वाटतं आपलं गाव आलं. तो तिथेच उतरतो. मग तो कुणाचाच नाही.

मुचानेता आपल्या भावाला आणत होता. मधल्या भावाला, फानुएलला. स्वातंत्र्याच्या लढाईत तो नळीपाशी पडला होता; तेव्हा नळी बंद होती, शेजारचे रूळ चालू होते. फानुएल गवतात पडलेला असताना बापाला घरात घेता येत नाही. बाप दारातून परत फिरतो आणि पोराला शोधत बसतो. म्हणून शनिवारच्या आत हे उरकायचं होतं.

“कायदा काय म्हणतो ते सांग,” झेवियर काका म्हणाले. हे थोरल्या सामांगांचे धाकटे भाऊ. वादात नेहमी शेवटच्या बोलणाऱ्याशी सहमत असतात.

सिप्रियनने बोलायला सुरुवात केली आणि त्याचा आवाज आपोआप कोर्टातला झाला. “नळीच्या दोन्ही अंगांना पांढरे दगड लावलेत. आतला पट्टा संरक्षित. त्या नळीतून लष्कराचं डिझेल जातं, देशाचं पेट्रोल जातं. खणायचं हत्यार घेऊन कुणी पट्ट्यात सापडला आणि हटकल्यावर त्याने कारण सांगितलं नाही, तर तो घातपातासाठीच आला होता असं धरून चालतात. तसं नव्हतं, हे त्याने सिद्ध करायचं.”

“तोंडाने,” आत्या म्हणाली.

“तोंडानेच.”

“म्हणजे कायदा म्हणतो बोल, नाहीतर जन्मठेप. आणि भाऊ म्हणतो बोलू नको, नाहीतर मी वाटेत उतरेन.” तिने तपकिरीची चिमूट ओढली. “छान. तुमच्या पुस्तकात याच्यावर काही औषध?”

“औषध सोपं आहे,” झेवियर काका म्हणाले. “पोरगं वेडं आहे म्हणून सांगू. लहानपणी झाडावरून पडलं होतं. साक्षीला मी येतो.”

अंगणात हायसं वाटल्यासारखी कुजबुज झाली. वेडा! किती सोयीचं. मामेभाऊ म्हणाले, बरोबर आहे. शेजारच्या म्हातारीला तर मुचानेताच्या वेडाचे दाखले भराभर आठवू लागले. सिप्रियननेही मान हलवली, आणि त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. वेडाला कारण द्यावं लागत नाही. तिथे कोण मेला, कसा मेला, जागा कुणी दाखवली, हे कुणी विचारत नाही.

“माझ्या मुलांचा बाप वेडा नाही.”

हे बोलली शुवाय, मुचानेताची बायको. ती चुलीपाशी उभी होती, हातातल्या पळीवरून साद्झा, मक्याच्या पिठाची उकड, खाली ओघळत होता.

मी काही तिच्या डोक्यात शिरलेलो नव्हतो, पण ज्या बाईला मी नवरी होऊन या अंगणात येताना पाहिलं तिच्या डोक्यात काय चाललंय हे कळायला मला शिरावं लागत नाही. गेल्या हिवाळ्यात सीमेपलीकडच्या लुटारूंनी नळी उडवली तेव्हा तेल ओढ्यात उतरलं आणि ओढा पेटला. तिचा भाऊ लिनोस गुरांना पाणी पाजत होता. सगळं शमल्यावर त्याच्या पट्ट्याचं बकल सापडलं. लष्कर आलं, पांढरे दगड लागले, सभा झाली. मुतारेहून खास येऊन सिप्रियननेच तो कायदा गावाला समजावून सांगितला. बायकांतून टाळ्या वाजवणारी पहिली शुवाय होती. आता कालपासून विहिरीवर बायका तिच्यापासून घागरभर लांब उभ्या राहत होत्या. लिनोसला ज्यांनी जाळलं त्यांच्यातला एक तुझ्या चटईवर झोपतो, असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरज नव्हती.

“सूनबाई,” काका म्हणाले, “वेडा ठरला तर सुटतो तरी.”

“सुटून कुठे येणार, काका? याच विहिरीवर ना? ‘वेडा आहे, आज नाही तर उद्या उडवेल’ असं म्हणतील. आणि मी माझ्या भावाच्या मातीवर जाऊन काय सांगू? तुझ्यासाठी केलेल्या कायद्याला आम्ही पहिल्याच फेरीत फसवलं म्हणून?” ती सिप्रियनकडे वळली. मोठ्या दिराकडे सून अशी बघत नाही. “भावोजी, मी तुम्हाला कायदा वाकवा म्हणत नाही. मला तो हवाय, आहे तसा हवाय. फक्त त्याला खरं सांगा.”

“खरं सांगून भागत नाही, शुवाय.” सिप्रियनने कोट मांडीवर ठेवला, मग उचलला, परत ठेवला. “बोचक्यात नुसती माती नाही. तारेचा तुकडा निघालाय. सुरुंगाची तार.”

काकांनी आपलं मत बदलायला तोंड उघडलं, पण बदलून कुठलं करावं ते न कळून मिटलं.

“ती फानुएलची,” आत्या म्हणाली.

“ते कॅप्टनला कोण पटवणार?”

“जागा ज्याला ठाऊक होती तो.”

सिप्रियन चुलीतल्या जाळाकडे बघू लागला.

“तू सांगतोस की मी?” आत्याने विचारलं. “तुझ्या बापाने मरताना मला सांगितलं, तुझ्या तोंडून ऐकलेलं. आज या अंगणात सगळी आपलीच माणसं आहेत. हा साहविराही आपलाच, जरी तोंडाने गळका असला तरी.”

“भोक पडलेलं मडकं लवकर भरत नाही, एवढाच माझा गुण,” मी म्हणालो. कुणी हसलं नाही. सिप्रियन बोलू लागला, कोर्टातला आवाज नव्हता.

तेव्हा गोऱ्यांचं सरकार होतं आणि तो त्याच मुतारेच्या कोर्टात दुभाष्या होता. साक्षीदार आपल्या भाषेत बोलायचा, हा मॅजिस्ट्रेटला इंग्रजीत सांगायचा. एके दिवशी एका मृत्यूची चौकशी निघाली. सीमेवर दारूगोळा नेणाऱ्या गाडीच्या रुळांखाली एक माणूस सुरुंग पेरत होता. सुरुंग हातातच फुटला. नाव माहीत नाही. ओढा कुठे वळतो, रूळ कुठे वाकतात, कुठल्या खडकाशी तो पडला, हे गावच्या मुखियाने सांगितलं, सिप्रियनने शब्दाला शब्द लावला. मग मुखियाने प्रेताचं वर्णन केलं. उंच. पुढच्या दातांत फट. डाव्या हाताची करंगळी जुनी तुटलेली.

“करंगळी माझ्याच कोयत्याने तुटली होती,” सिप्रियन म्हणाला. “पोरं होतो, ऊस तोडत होतो. मी ‘डाव्या हाताची करंगळी’ हे इंग्रजीत म्हटलं. नंतर मॅजिस्ट्रेट म्हणाला, खोलीत कुणी या माणसाला ओळखतं का, विचार. मी वळलो आणि आपल्या भाषेत मोठ्याने विचारलं, ‘इथे कुणी या माणसाला ओळखतं का?’ बाकं भरलेली होती. कुणी बोललं नाही. मी परत वळलो आणि सांगितलं, कुणी नाही, साहेब.”

त्याने मांडीवरच्या कोटाची घडी केली.

“भाषांतरात एकही चूक नव्हती.”

शुवायने पळी खाली ठेवली. काकांना रडू फुटलं. ते रडण्याच्या बाबतीतही शेवटच्या बोलणाऱ्याच्या बाजूचे असतात.

“ओळखलं असतंस तर त्याच संध्याकाळी हे घर पेटवलं असतं त्यांनी,” आत्या म्हणाली. “बापाला नेलं असतं, तुला नेलं असतं. मला ठाऊक आहे. मी तुला तेव्हाचं विचारत नाही, सिप्रियन. मी ऑगस्टचं विचारते.”

ऑगस्टात तिने त्याला सांगितलं होतं, कॅप्टनकडून परवानगी आण, दोन शिपाई बरोबर घेऊन राजरोस जाऊ, माती आणू. तो म्हणाला, बघतो. सप्टेंबरात म्हणाला, बघतो. दारू चढवायची वेळ आली तेव्हा आत्याने मुचानेताला बोलावलं, जागा सांगितली आणि म्हणाली, तू जा. तिचंही चुकलंच, तिला वाटलं, मेलेल्याला आणणाऱ्या माणसाला कोण अडवतो? तिच्या आयुष्यात आजवर कुणी अडवलेलं नव्हतं.

“कॅप्टनने विचारलं असतं, जागा कशी ठाऊक,” सिप्रियन म्हणाला. “मी काय सांगणार होतो? जुन्या सरकारचं पुस्तक नव्या सरकारने ठेवलं, पुठ्ठा बदलला. आतला नियम तोच, रूळ-नळीच्या आड येणाऱ्याला सोडायचं नाही. तेव्हा तो नियम मोडणारा माझा भाऊ, तो राबवणाऱ्यांचं तोंड मी. आज मीच तो राबवतो. हे बाहेर आलं तर वकिलाचा झगा एका दिवसात उतरेल. लोक म्हणतील, याने तेव्हा भाऊ ओळखला नाही आणि आता दुसऱ्यांचे भाऊ आत टाकतो.”

“म्हणतील,” शुवाय म्हणाली.

एवढाच शब्द. पण त्यावर सिप्रियनने तिच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट, आणि कोट अंगात चढवला.

छावणीत आम्ही चौघं गेलो. आत्या पुढे बसली कारण ती नेहमी पुढे बसते, शुवाय आणि मी मागे. काकांना दारूवर पहारा ठेवायला घरी सोडलं. ही चूक होती, पण ती वेगळी गोष्ट.

कॅप्टन ग्वेन्झी तंबूबाहेर, आंब्याच्या सावलीत, टेबल टाकून बसले होते. तरुण माणूस, डोळ्यांखाली झोप न मिळाल्याची काजळी. त्यांनी आत्यासाठी आधी खुर्ची मागवली. तेम्बो कुळाची आहे कळल्यावर म्हणाले, “माझी आईही तेम्बोच. म्हणजे तुम्ही मला आईच्या जागी.”

“मग झालं!” मी म्हणालो. “आतलाही तेम्बो, आईच्या कुळातला, म्हणजे तुझा मामा लागतो. मामाला कोणी कोंडतं का?”

“कायद्याला कुळ नसतं, आजोबा,” कॅप्टन म्हणाले. हसले, पण थोडंच. “सगळ्यांना वाटतं मला कळत नाही. पांढरं कापड, पाठीवर बांधलेली माती, बंद तोंड. माझ्या आजोबांना मीच असं नदीपलीकडून आणलंय. माझ्या जवानालाही कळलं, म्हणूनच त्याने गोळी घातली नाही. पण मागच्या खेपेला इथे सुरुंग आला तो मधाच्या टोपलीतून. वरचा मध खरा होता. माझ्या लोकांनी चाटला. खाली सुरुंग होता. त्यानंतर तो ओढा पेटला आणि एक गुराखी गेला.”

“माझा भाऊ,” शुवाय म्हणाली.

कॅप्टन उठून उभे राहिले. टाळ्या वाजवून त्यांनी तिला दुखवट्याचा नमस्कार केला, आणि बसताना त्यांचा आवाज खाली आला होता. “मग तुम्हीच सांगा, बाई. उद्या कुणी मेलेल्याच्या नावाने तार आणली, तर मी पांढरं कापड बघून बाजूला व्हायचं?”

“नाही,” शुवाय म्हणाली. “व्हायचं नाही.”

सिप्रियन पुढे झाला आणि इंग्रजीत बोलू लागला. शांत, नेटकी, कलमांनी भरलेली वाक्यं. आत्याने हात वर केला.

“आपल्या भाषेत बोल. फानुएल तंबूत आहे, बोचक्यात. त्यालाही समजू दे.”

इंग्रजीत सिप्रियन आडोसा घेऊन उभा होता. आता उघड्यावर आला. त्याने सगळं सांगितलं, खडक, वाकलेले रूळ, करंगळी, स्वतःचा प्रश्न, स्वतःचं उत्तर. सावलीतले शिपाई हातातलं काम टाकून ऐकू लागले. लढाईत त्यांच्यातल्या कितीकांचे भाऊ असेच गवतात राहिले होते. फानुएल आज असता तर याच शिपायांनी त्याला सलाम ठोकला असता, आणि त्याने तेच काम आज केलं असतं तर याच शिपायांनी त्याला गोळी घातली असती. हे मी म्हटलं नाही. साहविराला सगळं बोलायची मुभा असते म्हणून सगळं बोलायचं नसतं.

“हे शपथेवर सांगाल?” कॅप्टनने विचारलं.

“सांगेन.”

“मग हा खटला तुम्हाला चालवता येणार नाही.”

“नाही.”

“कदाचित यानंतरचे दुसरेही नाहीत.”

“कदाचित.”

कॅप्टन तंबूत गेले. रेडिओवर बराच वेळ वर कुणाशी तरी बोलणं चाललं होतं. ते परत आले ते कपाळ पुसत. “लॉरी थांबवलीय. जुन्या चौकशीचे कागद कोर्टात सापडले आणि ही साक्ष झाली, तर घातपाताचा आरोप टिकत नाही, हे वरच्यांनाही मान्य आहे. पण बिनपरवाना पट्ट्यात शिरला, कुदळ चालवली, तो गुन्हा राहील. सोमवारी मुतारेत सुनावणी. तोवर तो इथेच.”

“राहायलाच हवा,” सिप्रियन म्हणाला. वकील बोलला की भाऊ, ते माझ्या लक्षात आलं नाही. बहुधा तेव्हा दोघांचं एकमत होतं.

“आणि एक. कारण त्याने स्वतः सांगायला हवं. आज, माझ्यासमोर. तुमची साक्ष ती तुमची. तो गप्पच राहिला तर मी वर काय कळवू?”

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. तिला हा प्रश्न येणार हे गाडीतच ठाऊक होतं. मी मागून तिची ताठ झालेली मान पाहिली होती.

“ओझं दुसऱ्याला देता येतं,” ती म्हणाली. “पण एकाच आईच्या पोटच्याला. वाटेत पाय मोडला तर दुसरा भाऊ घेतो, तशी रीत आहे. ज्याने घेतलं त्याचं तोंड बंद, ज्याने दिलं त्याचं उघडं. मुचानेताखेरीज फानुएलच्या आईच्या पोटचा आता एकच उरलाय.”

“बोचकं पुरावा आहे, आई,” कॅप्टन म्हणाले.

“पुराव्यातलं काय हवंय तुला?”

त्यांनी विचार केला. मग आत जाऊन बोचकं आणलं, टेबलावर हलक्या हाताने उघडलं, लालसर मातीतून तारेचा गंजका तुकडा बोटांनी उचलून कागदात गुंडाळला. “तार माझी. माती तुमची.”

मुचानेताला बाहेर आणलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. शुवायला पाहून त्याचे ओठ हलले आणि त्याने ते दातांखाली धरले. मगरीपेक्षा अवघड प्रसंग होता. सिप्रियनने कोट काढला, टाय काढला, भावासमोर पाठ करून वाकला. बायका मुलाला बांधतात तसं कापड मुचानेताने त्याच्या पाठीवर टाकलं, छातीशी ओढून गाठ मारली. आत्याने मातीवर हात ठेवला. “फानुएल, तेम्बो, हा तुझा थोरला. आता हा तुला नेईल. वाटेत उतरू नकोस.”

गाठ बसली आणि मुचानेताचं तोंड फुटलं.

“पाणी द्या! नाही, आधी ऐका, शुवाय, मुलं जेवली का? साहेब, तुमचा स्वयंपाकी बीन्स शिजवत नाही, बीन्सना घाबरवतो फक्त! मी काय सांगत होतो... हां, मी खणत होतो, कारण आत्या म्हणाली, आणि दगड पांढरे आहेत ते मला दिसत होते, आंधळा आहे का मी, पण फानुएल दगडाच्या आत पडलाय त्याला मी काय करू, तो दगडांच्या आधी पडलाय! त्याला मी हाक मारली, तेवढ्यात तुमचा हा पोरगा ‘थांब’ म्हणतो, आता मी त्याला काय सांगू, फानुएलला हाक मारून मग ह्याच्याशी गप्पा मारू? दादा, गाठ घट्ट आहे ना?”

दादाने मान हलवली. शुवाय तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरून हसत होती, किंवा रडत होती. कॅप्टन लिहीत होते आणि लिहिता लिहिता पेन्सिल मोडली. सोमवारपर्यंत त्या छावणीला शांतता कशी ती मिळाली नाही. ऐकतो, की रविवारी पहारेकऱ्यांनीच कॅप्टनला विचारलं, याला परत गप्प करायची काही रीत आहे का.

“सोमवारपर्यंत जेवण मी आणीन,” शुवायने कॅप्टनला सांगितलं. विनंतीचा सूर नव्हता त्यात.

“शनिवारी मी नसणार,” मुचानेता म्हणाला, आणि तोंड फुटल्यापासून पहिल्यांदा थोडा थांबला. “बाबांना सांगा, मी अर्ध्या वाटेपर्यंत आणला होता.”

“ते बघत होते,” आत्या म्हणाली.

सिप्रियन पायी निघाला. फानुएल कधी मोटारीत बसला नव्हता. आत्या म्हणाली, घाबरेल. आत्याला बसवून गाडी मी त्याच्या मागे-पुढे करत आणली. मला गाडी चालवता येत नाही, पण हे मी गाडीला सांगितलं नाही.

उन्हं कलली होती. बाजारावरून, शाळेवरून, विहिरीवरून तो गेला. वकीलसाहेबांना लोकांनी नमस्कार केले, तेम्बोंच्या मानाच्या नावाने हाका मारल्या, “समाइता! कुठून?” आयुष्यभर बोलून पोट भरलेला माणूस सरळ बघत चालत राहिला. आधी लोकांना राग आला. मग पाठीवरचं पांढरं कापड दिसलं. बायकांनी घागरी खाली ठेवल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. त्या दगड-पट्ट्याच्या भांडणात कोण कुणाच्या बाजूचा हे त्या घटकेला कुणाला आठवलं असेल असं मला वाटत नाही. शुवाय त्याच्या मागून, दहा हात अंतर ठेवून, मान वर करून चालत होती.

अंगणाच्या तोंडाशी आत्या आधीच जाऊन उभी होती. पुढ्यात दारूचा भोपळा, मागे सगळं गोत. झेवियर काका एका मडक्याला टेकून उभे होते आणि ते मडकं हलकं झालेलं दिसत होतं.

“कोण आलंय?” आत्याने विचारलं. ही रीतीची हाक. वाहणाऱ्याने इथे, अंगणात पाय टाकून, मेलेल्याचं नाव घ्यायचं असतं.

सिप्रियनने पाय टाकला. माणसं टाळ्या वाजवत थांबली होती, हळू, एका लयीत, जसं आपण पूर्वजांना उठवतो.

“फानुएल,” तो म्हणाला. “फानुएल सामांगा आलाय.”

बायकांनी किलकारी मारायला श्वास घेतला, पण आत्याने हात वर केला. ती जागची हलली नाही. आणि तिने एक प्रश्न विचारला जो आमच्या कुठल्याही विधीत नाही. मी इतक्यांना पुरलं, इतक्यांना घरी आणलं, मी तो कधी ऐकला नव्हता.

“तू ओळखतोस त्याला?”

“ओळखतो,” सिप्रियन म्हणाला. “माझा भाऊ आहे.”

आत्याने भोपळा जमिनीवर ओतला. “सूनबाई,” ती मागे न बघता म्हणाली, “साद्झा वाढ. दोघंही उपाशी आहेत.”